प्लास्टिकच्या भिंतीआड : दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या रुग्णाला वाचवण्याचा इतिहास

'विलगीकरण' हा शब्द उच्चारला की इतिहासाच्या मराठी वाचकाला १८९७ चे पुणे आठवते. प्लेगचा कहर, घराघरांत शिरून झडती घेणारे गोरे सोजीर, गावाबाहेरच्या छावण्या आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेली गोळी. त्या विलगीकरणामागचा तर्क सरळ होता. रोगी हा धोका आहे आणि गावाला त्याच्यापासून वाचवायचे आहे. भिंत रोग्याभोवती उभारायची, पण ती इतरांसाठी.

आजचा धागा या भिंतीच्या नेमक्या उलट वापराविषयी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णालयांत असा एक रुग्ण निर्माण झाला, की ज्याच्यापासून कोणालाच धोका नव्हता. साऱ्या जगाचाच त्याला धोका होता. 'निर्माण झाला' हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरते आहे. या रुग्णाची प्रतिकारशक्ती पुष्कळदा रोगाइतकीच उपचारांनीही खच्ची केलेली होती. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

१९५३ साली अमेरिकेत वॉशिंग्टनलगतच्या बेथेस्डा येथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे संशोधन-रुग्णालय सुरू झाले. दोन वर्षांनी तिथल्या कर्करोग विभागात एमिल फ्रायराइख आणि एमिल फ्राय असे दोन तरुण डॉक्टर रुजू झाले. (नावांचा हा योगायोग त्यांच्या सहकाऱ्यांनाही गोंधळात टाकत असे.) त्यांच्या वॉर्डात तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेली मुले असत. तेव्हा या मुलांचे आयुष्य बहुधा महिन्यांत मोजले जाई.

ही मुले प्रथम मरत ती रक्तस्रावाने. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स उरलेल्याच नसत. नाकातून, हिरड्यांतून, आतड्यांतून रक्त वाहत राही. फ्रायराइख यांनी ताज्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्स देण्याची पद्धत बसवली आणि हा एक मृत्यू बराचसा आवाक्यात आला. पण त्यामागे दुसरा उभा होता. १९५४ ते १९६३ या दहा वर्षांत तिथे दगावलेल्या ल्युकेमियाच्या ४१४ रुग्णांच्या नोंदी तपासून १९६५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातले चित्र स्पष्ट होते : रक्तस्रावाचे मृत्यू घटले होते आणि त्यांची जागा जंतुसंसर्गाने घेतली होती.

याच काळात उपचारही उग्र होत चालले होते. १९६२ पासून या दोघांनी चार औषधे एकत्र देण्याचा प्रयोग सुरू केला. ल्युकेमिया खरोखर बरा होऊ शकतो ही आशा त्यातूनच उगवली. परंतु ही औषधे कर्करोगाच्या पेशी आणि अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशी यांत फारसा भेद करत नसत. रोग हटावा म्हणून मज्जा रिकामी करायची आणि ती पुन्हा भरेपर्यंतचे दोन-तीन आठवडे रुग्णाला जिवंत ठेवायचे, असा हा जुगार होता. कर्करोगाच्या उपचाराचा इतिहास सांगताना आपण नेहमी औषधांची नावे सांगतो. त्या दोन-तीन आठवड्यांचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही.

धोका नेमका कुठे सुरू होतो, हे १९६६ मधल्या एका शोधनिबंधाने आकड्यांत मांडले. जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या ५२ रुग्णांचे रक्त सतत मोजले. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल ही जात जंतू गिळण्याचे काम करते. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या काही हजार असतात. ही संख्या १००० च्या खाली गेली की संसर्ग वाढू लागतो, ५०० च्या खाली धोका गंभीर होतो, आणि १०० च्या खाली तीन आठवडे राहिली तर संसर्ग जवळजवळ अटळच, असे या मोजणीतून दिसले. ५०० चा हा उंबरठा आजही जगभरच्या वॉर्डांत वापरला जातो. या निबंधाच्या चार लेखकांत 'वाय. एस. साठे' हे नाव वाचून मी क्षणभर थबकले होते; साठ वर्षांपूर्वीच्या बेथेस्डाच्या कागदांत असे आडनाव भेटावे याचे अप्रूप वाटते, एवढेच.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण पुढचा सारा इतिहास तिच्यावर उभा आहे. आपल्याला जखम झाली की ती लाल होते, सुजते, तिच्यात पू होतो. हा पू म्हणजे बहुतांशी मेलेले न्यूट्रोफिलच. ज्याच्याकडे न्यूट्रोफिल नाहीत, त्याला पू होत नाही. फुप्फुसात जंतू माजलेले असूनही क्ष-किरणाचे चित्र कित्येकदा निर्मळ दिसते. शरीर लढतच नाही, म्हणून लढाईच्या खुणाही नाहीत. उरतो तो फक्त ताप. रात्री चढलेला एक ताप, आणि सकाळपर्यंत रुग्ण हाती न लागणे, हा त्या वॉर्डांचा नित्याचा अनुभव होता.

यावर पहिले उत्तर सुचले ते भिंतीचे. त्यासाठी लागणारे साहित्य वैद्यकाच्या बाहेर तयार होते. इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठात कित्येक वर्षे जंतुविरहित प्राणी वाढवण्याचे प्रयोग चालू होते. आधी त्यासाठी पोलादी टाक्या वापरत. १९५७ च्या सुमारास फिलिप ट्रेक्सलर यांनी त्याऐवजी स्वस्त, पारदर्शक प्लास्टिकचा फुगा वापरून दाखवला. उंदीर ज्यात जंतूंविना जगतो, त्यात माणूस का नाही, हा प्रश्न मग ओघानेच आला.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर बेथेस्डाच्या वॉर्डात रुग्णाच्या खाटेभोवती प्लास्टिकचा तंबू उभा राहिला. त्याचे नाव होते 'लाइफ आयलंड', जीवनाचे बेट. आत गाळलेली हवा सोडत. तंबूच्या भिंतीतच रबरी हातमोजे बसवलेले असत. परिचारिका त्यांत हात घालून बाहेरूनच नाडी पाही, सुई टोचे, अंग पुसे. औषधे आणि ताटे एका बंद खणातून अतिनील किरणांखालून आत जात. अन्न निर्जंतुक केलेले, पुस्तके निर्जंतुक केलेली, चादरीही. महिनामहिना रुग्णाच्या कातडीला दुसऱ्या माणसाच्या कातडीचा स्पर्श होत नसे.

तंबू अंगावर येतो, म्हणून पुढे अख्खी खोलीच तशी करण्यात आली. या खोलीची वंशावळ विलक्षण आहे. हवेतला सूक्ष्मातला सूक्ष्म कण अडवणारी गाळणी दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पात किरणोत्सारी धूळ रोखण्यासाठी घडली. 'हेपा' नावाची ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. आणि एका भिंतीतून संथपणे, एकाच दिशेने हवा वाहती ठेवून खोली स्वच्छ राखण्याची युक्ती अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेतील विलिस व्हिटफील्ड यांची. अण्वस्त्रांच्या नाजूक सुट्या भागांवर धूळ बसू नये, ही त्या प्रयोगशाळेची अडचण होती. १९६२ मध्ये ही खोली जगजाहीर झाली आणि काही वर्षांतच रुग्णालयांत शिरली. ज्या तंत्राने शहरे बेचिराख करणारी अस्त्रे निर्मळ राखली, त्याच तंत्राने मज्जा संपलेल्या मुलांची हवा निर्मळ झाली. इतिहासात अशा गाठी वारंवार पडतात. त्यांचे समर्थनही करू नये आणि त्या लपवूही नयेत, असे मला वाटते.

या भिंतीची सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत दुःखद कहाणी टेक्सासची आहे. डेव्हिड व्हेटर याचा जन्म २१ सप्टेंबर १९७१ रोजी ह्यूस्टनमध्ये झाला. त्याचा थोरला भाऊ जन्मजात प्रतिकारशक्ती नसल्याने काही महिन्यांचा असतानाच वारला होता, आणि पुढचा मुलगा झाला तर त्यालाही हाच आजार असण्याची शक्यता निम्मी आहे, हे आईवडिलांना सांगितले गेले होते. या आजारात न्यूट्रोफिल असतात. पण लिम्फोसाइट नावाच्या, शत्रू ओळखून लक्षात ठेवणाऱ्या पेशी निकामी असतात. शस्त्रक्रियेने जन्मताच काही सेकंदांत डेव्हिडला निर्जंतुक फुग्यात ठेवण्यात आले. बाप्तिस्म्याचे पवित्र पाणीसुद्धा निर्जंतुक करून आत पाठवले गेले.

आशा होती ती बहिणीच्या मज्जेची. १९६८ मध्येच मिनेसोटात रॉबर्ट गुड यांनी अशाच आजाराच्या एका बालकाला बहिणीची मज्जा देऊन वाचवले होते. म्हणजे फुगा हा मुक्काम नव्हता, थांबा होता. परंतु डेव्हिडच्या बहिणीची मज्जा त्याच्याशी जुळली नाही. थांबा लांबत गेला आणि तोच मुक्काम झाला. फुग्यात जाणारी प्रत्येक वस्तू, मग ते खेळणे असो वा लंगोट, इथिलीन ऑक्साइड वायूत चार तास ठेवून नंतर कित्येक दिवस हवेवर सुकवावी लागे. चार वर्षांचा असताना चुकून आत राहिलेल्या सुईने आपण फुग्याला भोके पाडू शकतो, हे त्याच्या ध्यानात आले. तेव्हा जंतू म्हणजे काय आणि तू आत का आहेस, हे त्याला समजावून सांगणे भाग पडले. चार वर्षांच्या मुलाला हे कोणत्या शब्दांत सांगितले असेल?

१९७७ मध्ये अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने, 'नासा'ने, त्याच्यासाठी खास पोशाख शिवला. तो घालून तो मोजून सात वेळा बाहेर फिरला. मग अंगाने वाढला आणि पोशाख तोकडा पडला. वर्तमानपत्रांनी त्याला 'फुग्यातला मुलगा' केले, त्याच्यासारख्या मुलावर चित्रपट निघाला, आणि या साऱ्या कौतुकात तो वाढत्या वयात अस्वस्थ, संतापी होत गेला, याकडे फार थोड्यांचे लक्ष होते. रुग्णालयातील धर्मोपदेशक रेमंड लॉरेन्स यांनी पुढे जाहीर लेख लिहून विचारले की, माणसाला असे ठेवण्याची मर्यादा कोणती? मला हा प्रश्न रास्त वाटतो. बाहेर काढण्याची वाट ठरलेली नसताना आत ठेवणे सुरू झाले, हे या प्रकरणाचे मर्म आहे. डॉक्टर दुष्ट नव्हते, आईवडील तर नव्हतेच. प्रत्येक दिवशी 'आणखी एक दिवस' हाच निर्णय शहाणपणाचा दिसत होता आणि असे बारा वर्षांचे दिवस साठले.

ऑक्टोबर १९८३ मध्ये न जुळणारी मज्जाही विशेष प्रक्रिया करून देता येईल, असे नवे तंत्र हाती आले म्हणून बहिणीची मज्जा डेव्हिडला देण्यात आली. काही आठवड्यांनी त्याला आयुष्यात पहिल्यांदा ताप आला. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्याला फुग्यातून बाहेर काढावे लागले आणि आईने पहिल्यांदा उघड्या हाताने त्याला स्पर्श केला. २२ फेब्रुवारीला तो गेला. नंतर कळले ते असे : बहिणीच्या मज्जेत एपस्टाइन-बार विषाणू निद्रिस्त होता. बहुतेक निरोगी माणसांत तो निमूटपणे असतो. डेव्हिडच्या शरीरात त्याने कर्करोग माजवला. बारा वर्षे भिंतीने सारे अडवले होते; विषाणू आला तो औषधातून.

डेव्हिडचे प्रकरण अपवादात्मक होते. परंतु जंतू भिंतीच्या आतही असू शकतो, हा धडा ल्युकेमियाच्या वॉर्डांना त्याआधीच मिळू लागला होता.

स्टीफन शिम्फ आणि सहकाऱ्यांनी बाल्टिमोर येथील कर्करोग केंद्रात रुग्णांच्या नाकातले, घशातले, गुदद्वारापाशी राहणारे जंतू आठवड्यामागून आठवडे तपासले. १९७२ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षाने भिंतीच्या कल्पनेला हादरा बसला. रुग्णाच्या रक्तात शिरून त्याला मारणारे बहुतांश जंतू आधीपासून त्याच्याच अंगावर, त्याच्याच आतड्यात नांदत होते. आणि त्यांतले जवळजवळ निम्मे तो रुग्णालयात दाखल झाल्यानंतर त्याच्या अंगी आलेले होते. औषधांनी आतड्याचे अस्तर फाटते, पहारेकरी पेशी संपलेल्या असतात, मग आतड्यातला जंतू सरळ रक्तात उतरतो. तंबूच्या आत माणूस नेला, की त्याचा शत्रूही त्याच्याबरोबर आत जात होता.

मग आतडेच निर्जंतुक करू, असा पुढचा विचार झाला. न शोषली जाणारी प्रतिजैविके तोंडाने भरपूर द्यायची. त्यांची चव इतकी किळसवाणी होती की आधीच मळमळणारे रुग्ण ती घेईनासे होत. आणि घेणे थांबले की मोकळ्या झालेल्या आतड्यात औषधांना दाद न देणारे जंतू फोफावत. नेदरलँड्समधील डर्क व्हान डर व्हाय यांनी १९७१ मध्ये उंदरांवर दाखवून दिले की आतड्यात मूळचे वसलेले निरुपद्रवी जंतू परक्यांना थारा देत नाहीत. त्यांना सरसकट मारले तर घर रिकामे होते आणि रिकाम्या घरात कोणीही शिरतो. आज 'मायक्रोबायोम' हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. त्याची एक वाट या फसलेल्या उपायातून निघालेली आहे.

खरा फरक पडला तो एका निर्णयाने, आणि त्या निर्णयाला भिंत लागत नव्हती. त्या काळचा शिरस्ता असा की ताप आला की रक्त तपासणीला पाठवायचे, कोणता जंतू वाढतो ते पाहायचे आणि मग नेमके औषध द्यायचे. प्रतिजैविके जपून वापरावीत या दृष्टीने हा शिरस्ता निर्दोष होता. पण स्यूडोमोनास नावाचा, पाण्यात आणि नळाच्या मोऱ्यांत राहणारा जंतू रक्तात शिरला की अहवाल हाती येईपर्यंतच कित्येक रुग्ण दगावत. शिम्फ यांच्या गटाने १९७१ मध्ये मांडले की न्यूट्रोफिल नसलेल्या रुग्णाला ताप आला की थांबू नये. जंतू कोणता हे न कळताच, कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन ही दोन औषधे लगेच सुरू करावीत. पुरावा येण्याआधी कृती करावी, हे वैज्ञानिक शिस्तीला रुचणारे नव्हते. तरीही तीच रीत टिकली. आज जगातल्या कोणत्याही कर्करोग रुग्णालयात केमोथेरपीनंतर घरी जाणाऱ्या रुग्णाला 'ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी या' असे बजावून सांगतात. त्या वाक्याचा उगम इथे आहे.

दुसरा मोठा विजय एका स्वस्त गोळीचा आहे, आणि त्याची पार्श्वभूमी युरोपातली. महायुद्धानंतर युरोपातील अनाथालयांत कुपोषित, अपुऱ्या दिवसांची बालके एका विचित्र न्यूमोनियाने मरत होती. १९५२ मध्ये चेकोस्लोव्हाकियात यीरोव्हेत्स आणि वानेक यांनी त्यामागे न्यूमोसिस्टिस हा सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. धडधाकट माणसाला हा जीव काही करत नाही. पुढे अमेरिकेत मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात ल्युकेमियातून सावरणारी मुले, रोग आटोक्यात असताना, याच न्यूमोनियाने जाऊ लागली. जिंकलेली लढाई पाठीमागून हरावी तसे हे होते.

वॉल्टर ह्यूज यांनी आधी उंदरांवर आणि मग मुलांवर प्रयोग केला. १६० रुग्णांपैकी निम्म्यांना रोज कोट्रायमॉक्साझोल दिले, निम्म्यांना निष्क्रिय गोळी. १९७७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ८० पैकी १७ जणांना हा न्यूमोनिया झाला, औषध घेणाऱ्या ८० पैकी एकालाही नाही. वैद्यकात असे शून्य फार क्वचित भेटते. ही गोळी आपल्याकडे 'सेप्ट्रान' या नावाने घराघरांत माहीत होती. चारच वर्षांनी, ५ जून १९८१ रोजी, लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना हाच न्यूमोनिया झाल्याची बातमी अमेरिकेच्या साथरोग साप्ताहिकात आली; एड्सची ती पहिली अधिकृत नोंद. ल्युकेमियाच्या मुलांसाठी शोधलेली ती गोळी मग एचआयव्हीच्या रुग्णांना मिळू लागली आणि भारतातील सरकारी उपचार केंद्रांतूनही दिली जाऊ लागली. तंबूत मोजके रुग्ण मावले. गोळी लाखोंपर्यंत गेली.

दरम्यान भिंतीचा एक स्वस्त अवतार सर्वत्र रूढ झाला होता : स्वतंत्र खोली, येणाऱ्याला झगा, मुखपट्टी, हातमोजे, दारावर पाटी. १९८१ मध्ये विस्कॉन्सिनच्या विल्यम नॉसीफ आणि डेनिस माकी यांनी याची रीतसर तुलना केली. साध्या वॉर्डातल्या नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा या सोपस्काराने संसर्ग कमी झाला नाही. जेवणाचेही पुढे तसेच झाले. १९७२ मध्ये रुग्णालयातल्या कच्च्या भाज्यांवर आणि १९७३ मध्ये फुलदाण्यांच्या पाण्यात स्यूडोमोनास सापडल्यापासून कोशिंबीर, फळे, फुले वर्ज्य झाली होती. फुलदाण्या गेल्या ते योग्यच. पण २००८ मध्ये ह्यूस्टनमधील एका चाचणीत ल्युकेमियाच्या १५३ रुग्णांपैकी काहींना केवळ शिजवलेले आणि काहींना ताजी फळे-भाज्यांसह अन्न दिले, तेव्हा मोठ्या संसर्गांच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. मग रुग्णालयात अंगी येणारे ते निम्मे जंतू येत कुठून होते?

हातांवरून. सेमेलवाइस यांची कथा या धाग्याच्या वाचकांना ठाऊक असणार, म्हणून लांबवत नाही : व्हिएन्नातील प्रसूतिकक्ष, १८४७ चा मे महिना, क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती, आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला बाळंतिणींचा मृत्यूदर जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास. लोक इथे कथा संपवतात. परंतु जवळजवळ दीडशे वर्षांनी, १९९४ मध्ये, जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते यांनी मोजणी केली तेव्हा हात स्वच्छ करण्याच्या प्रसंगांपैकी निम्म्यांहून कमी वेळा ते केले जात होते. सर्वांना तत्त्व पाठ होते. मोरीपर्यंत जाऊन हात धुवायला वेळ नव्हता. त्यांनी प्रत्येक खाटेशी अल्कोहोलच्या द्रावणाची बाटली ठेवली. १९९७ पर्यंत हे प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले आणि १९९८ पर्यंत रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले. सेमेलवाइस सक्ती करून थकले. पिते यांनी बाटली जवळ आणली. मला या दोघांतला हा फरक फार शिकवणारा वाटतो.

मग भिंत सर्वथा निरुपयोगी ठरली का? नाही, आणि इथे घाईने निकाल देणे अन्यायाचे होईल. मज्जा-प्रत्यारोपणाचे प्रणेते डॉनल थॉमस यांच्या सिॲटलमधील गटाने १९७८ मध्ये गाळलेल्या हवेच्या खोल्यांची साध्या खोल्यांशी तुलना केली. गंभीर संसर्ग कमी झाले, पण जगण्याच्या प्रमाणात ठोस फरक पडला नाही. एका शत्रूपुढे मात्र गाळलेल्या हवेला पर्याय मिळालेला नाही. तो म्हणजे ॲस्परजिलस ही बुरशी. तिचे दोन-तीन मायक्रॉनचे बीजाणू हवेत सर्वत्र तरंगत असतात आणि इमारतीचे बांधकाम किंवा पाडकाम चालू झाले की धुळीबरोबर त्यांचे लोट उठतात. म्हणून प्रत्यारोपणाच्या वॉर्डाशेजारी साधी भिंत फोडायची तरी आज आधी संसर्ग-नियंत्रणाची परवानगी लागते.

सिॲटलच्या त्या केंद्रात शिकून आलेल्यांत डॉ. सुरेश अडवाणी होते. बालपणी पोलिओ झाल्याने ते चाकाच्या खुर्चीवरून वावरत. १९८३ मध्ये त्यांनी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातले पहिले यशस्वी मज्जा-प्रत्यारोपण केले. रुग्ण ल्युकेमियाची नऊ वर्षांची मुलगी आणि दाता तिचा भाऊ. ज्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनला डेव्हिडला बहिणीची मज्जा मिळाली, तेच हे वर्ष.

आणि आता २०२१. कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातील रुग्णालयांत म्युकरमायकोसिस, म्हणजे 'काळी बुरशी', अचानक बळावली. नाकातून शिरून डोळा, जबडा, मेंदू गाठणारा हा रोग. कित्येकांचा डोळा काढावा लागला, कित्येकांचा वरचा जबडा. ही बुरशी मातीत, कुजलेल्या पाल्यात, शिळ्या भाकरीवर नेहमीच असते. ती नव्याने कुठून आली नव्हती. बदलली होती ती माणसे. अनियंत्रित मधुमेह, आणि त्यावर फुप्फुस वाचवण्यासाठी दिलेली स्टिरॉइड औषधे, पुष्कळदा गरजेपेक्षा अधिक आणि अधिक दिवस. बेथेस्डाच्या वॉर्डातला तो रुग्ण, ज्याला उपचारानेच उघडे पाडले होते, तो आता तालुक्याच्या गावीही खाटेवर होता आणि आपण त्या जातीचे रुग्ण आहोत हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

२० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने राज्यांना कळवले की या रोगाची नोंद बंधनकारक करावी. कायदा कोणता वापरायचा, तर १८९७ चा साथरोग कायदा. मुंबईच्या प्लेगसाठी ४ फेब्रुवारी १८९७ ला झालेला, रोग्यापासून गावाला वाचवण्यासाठी घडवलेला तोच कायदा, १२४ वर्षांनी एका माणसाकडून दुसऱ्याकडे न जाणाऱ्या रोगाला लावण्यात आला. या वेळी मात्र कोणाला छावणीत नेण्यासाठी नव्हे. प्रत्येक संशयित रुग्णाची खबर जिल्ह्याकडे जावी, डॉक्टरांनी साखर आणि स्टिरॉइड यांकडे लक्ष द्यावे, आणि दुर्मीळ झालेल्या ॲम्फोटेरिसिनच्या कुप्या रुग्णसंख्येच्या हिशेबाने राज्याराज्यांत वाटता याव्यात, यासाठी.